पहिल्या नोकरीचे शर्ट-पँट: माप, कापड आणि शिलाई

नोकरीचं पत्र हातात पडलं की बहुतेक मुलं थेट दुकान गाठतात, "चाळीस नंबरचा फॉर्मल दाखवा" म्हणतात, आणि अर्ध्या तासात चार शर्ट घेऊन बाहेर पडतात. महिन्याभरात त्यातले दोन कपाटात पडून राहतात. खांदा उतरतो, हात वर केला की शर्ट पँटीतून निघतो, कॉलर गळ्याला काचते. रंग आवडला नाही म्हणून कपडे पडून राहत नाहीत, मापामुळे राहतात. म्हणून खरेदीचा क्रम आधी माप, मग कापड, मग शिलाई असा ठेवा. रंग आणि भाव सगळ्यांत शेवटी.

घरून निघण्याआधी

शिंप्याकडे असते तशी कापडी टेप घ्या. कोणत्याही शिलाई-साहित्याच्या दुकानात ती मिळते. एका बाजूला 60 इंच आणि दुसऱ्या बाजूला 150 सेंटीमीटर असतात. आता तुमच्याकडचा सगळ्यांत नीट बसणारा शर्ट पलंगावर पालथा पसरा आणि बटणं लावून घ्या. अंगावर स्वतःच टेप गुंडाळून घेतलेलं माप हमखास चुकतं, पसरलेल्या शर्टाचं चुकत नाही.

छाती मोजायची ती मुंढ्याच्या (बाही जिथे अंगाला जोडतात त्या घेराच्या) एक इंच खाली, या शिवणीपासून त्या शिवणीपर्यंत. जो आकडा येईल त्याची दुप्पट करा. खांदा पाठीमागून मोजा, बाहीच्या एका जोडापासून दुसऱ्या जोडापर्यंत. बाही खांद्याच्या जोडापासून कफच्या टोकापर्यंत. उंची मागच्या बाजूला कॉलरच्या जोडापासून खालपर्यंत. कॉलर उघडून सपाट करा आणि बटणाच्या मध्यापासून काजाच्या लांबच्या टोकापर्यंत मोजा, हे माप सेंटीमीटरमध्ये लिहा. पँटीची कंबर, सीट, मांडी, मोहरी (पायाच्या खालच्या टोकाची रुंदी) आणि आतली उंची (दोन पायांच्या जोडापासून खालपर्यंत) घ्या. शिवाय पुढचं आसन, म्हणजे त्याच जोडापासून पुढून पट्ट्याच्या वरच्या कडेपर्यंत. हे सगळं मोबाइलमध्ये लिहून ठेवा. पुढची चार-पाच वर्षं, वजन फार बदललं नाही तर, हेच आकडे उपयोगी पडतील.

शर्टावरचा आकडा नक्की कशाचा?

इथे मोठा घोळ होतो. मोठ्या ब्रँडच्या फॉर्मल शर्टांवर 38, 39, 40, 42, 44 असे आकडे असतात. ते बहुतेक वेळा कॉलरचे असतात, तेही सेंटीमीटरमध्ये. 38 म्हणजे साधारण 15 इंच गळा, 40 म्हणजे पावणेसोळा, 42 म्हणजे साडेसोळा. स्थानिक कारखान्यात शिवलेल्या शर्टावर मात्र तोच 40 छातीचा, इंचांतला असू शकतो. त्यामुळे एका दुकानातला 40 अंगात झोळ पडेल इतका ढगळ आणि शेजारच्या दुकानातला 40 बटण न लागणारा, असं होतं. दुकानदाराला विचारा, "हा आकडा कॉलरचा की छातीचा?" उत्तर मिळालं नाही तर टेप लावा.

अंगाची छाती 38 इंच असेल तर साध्या फिटिंगच्या शर्टाची छाती 42 ते 43 इंच हवी. स्लिम फिटला 41 च्या आसपास. यापेक्षा कमी असेल तर उभं राहून छान दिसतं, पण खुर्चीत बसलं की दोन बटणांच्या मध्ये फट पडते.

किती घ्यायचे आणि कोणते

सुरुवातीला चार शर्ट आणि दोन पँट पुरतात. शर्ट एकदा घातला की धुवायचा, पँट दोन-तीनदा चालते. मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात असाल तर पावसाळ्यासाठी पाचवा शर्ट लागतोच, कारण जुलैत सुती शर्ट वाळायला दोन दिवस घेतो. उरलेली खरेदी पहिल्या पगारानंतर करा. तोवर त्या ऑफिसात लोक खरंच काय घालतात ते कळलेलं असतं.

चारपैकी एक पांढरा, एक फिका निळा, एक बारीक रेघांचा आणि चौथा आवडीचा घ्या. पँटीत गडद राखाडी आणि गडद निळी. पहिली पँट काळीच घेण्याची पद्धत आहे, पण आमचा सल्ला राखाडीचा. काळ्यावर धूळ आणि तंतू लगेच दिसतात, आणि काळा विटला की लपत नाही. राखाडी चारही शर्टांखाली चालते.

पांढऱ्या शर्टाखाली पांढरं बनियन उठून दिसतं, फिक्या राखाडी किंवा त्वचेच्या रंगाचं दिसत नाही. बनियनचा नंबर सेंटीमीटरमध्ये असतो, 85, 90, 95 असा. छाती 36 इंच म्हणजे 91 सेंटीमीटर, तेव्हा 90 घ्या.

कापड ओळखणं

लेबल शर्टाच्या आत, डाव्या बाजूच्या शिवणीत खाली बघा. पाकिटावर "कॉटन रिच", "कॉटन ब्लेंड", "कॉटन फील" लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ पूर्ण सुती असा होत नाही. आतल्या लेबलवर "100% कॉटन" आहे का, तेवढंच धरा.

टेरिकॉट म्हणजे पॉलिएस्टर आणि सूत यांचं मिश्रण. 67 टक्के पॉलिएस्टर आणि 33 टक्के सूत हे प्रमाण सर्रास असतं. चुरगळत नाही, लवकर वाळतं, भाव कमी असतो. पण पॉलिएस्टर घाम शोषत नाही. लोकलच्या गर्दीत किंवा विदर्भातल्या मे महिन्यात असा शर्ट दुपारपर्यंत वास मारू लागतो, आणि काखेतला तो वास धुऊनही पुरता जात नाही. आठवड्यातून एकदा बाहेरगावी जावं लागत असेल, तर बॅगेत ठेवायला एक टेरिकॉट उपयोगी. रोजच्यासाठी सुती किंवा निदान 60 टक्के सूत असलेलं घ्या.

दुकानदार "साठचा काउंट", "ऐंशीचा काउंट" म्हणतो तेव्हा तो सुताची जाडी सांगत असतो. आकडा जितका मोठा, धागा तितका बारीक. 40 चा काउंट जाडसर, 100 चा तलम. मोठा आकडा म्हणजे जास्त टिकाऊ असं नाही. रोजच्या धुण्याला 50 ते 80 च्या दरम्यानचं कापड चांगलं. पांढऱ्यात फार तलम घेतलं तर आतलं सगळं दिसतं. हाताचा पंजा कापडाखाली धरून बघा, बोटांच्या मधल्या रेषा स्पष्ट दिसल्या तर ते कापड ऑफिससाठी नको.

"रिंकल फ्री" शर्टावर रसायनाचं फिनिश असतं. इस्त्रीचे कष्ट वाचतात हे खरं, पण त्याने सुताची ताकद आणि घाम शोषायची क्षमता थोडी कमी होते. धुण्यागणिक ते फिनिशही उतरत जातं.

कापडाच्या दुकानात शंका आली तर काठाचे दोन धागे ओढून घ्या आणि दुकानाबाहेर काडीने पेटवून बघा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राखाडी राख उरते. पॉलिएस्टर वितळतं, काळा धूर सोडतं आणि टोकाला कडक मणी उरतो. मिश्रणात दोन्हीच्या खुणा दिसतात. धागा चिमट्यात धरा, बोटात नको, कारण वितळलेला थेंब चटका देतो.

रंग नेहमी दाराशी, उजेडात जाऊन बघा. ट्यूबलाइटखाली गडद निळा आणि काळा एकच वाटतात. गडद कापडाचा रंग सुटतो का हे बघायला ओला पांढरा रुमाल कोपऱ्यावर दहा-बारा वेळा घासा.

शर्ट अंगात घातल्यावर

ट्रायल रूममध्ये जाताना पट्टा लावलेला असू द्या आणि ऑफिसला घालणार ते बूट पायात असू द्या. सगळी बटणं लावा, गळ्याचंसुद्धा. आता वरून खाली असं बघा.

बाहीचा जोड खांद्याच्या हाडाच्या टोकावर यायला हवा. अर्धा इंच इकडे-तिकडे चालेल, पण त्याहून खाली दंडावर उतरला असेल तर तो शर्ट परत द्या. खांदा नंतर दुरुस्त करायचा म्हणजे बाह्या उसवून मुंढा पुन्हा कापायचा, आणि त्यात पैसेही जातात नि शर्टही बिघडतो. कॉलर लावल्यावर आत दोन बोटं सैलसर जायला हवीत. चार जात असतील तर मोठी, एकच जात असेल तर पहिल्या धुण्यानंतर गळा आवळेल.

दोन्ही हात वर करा. शर्ट दोन इंचांपेक्षा जास्त वर ओढला गेला तर मुंढा खूप खाली आहे. मुंढा खोल म्हणजे आराम जास्त असं वाटतं, पण उलट होतं. मुंढा जितका काखेच्या जवळ, तितका हात मोकळा हलतो आणि शर्ट जागचा हलत नाही. मग बसा. छातीच्या बटणापासून दोन्हीकडे फुलीसारख्या चुण्या पडल्या तर शर्ट घट्ट आहे. कफ मनगटाच्या हाडावर थांबायला हवा. घड्याळ वापरत असाल तर ते घालूनच बघा.

शिलाई बघायला एक मिनिट पुरतं. बाजूच्या शिवणीवर टेप ठेवून एका इंचात टाके मोजा. 12 ते 14 हवेत. 8-9 असतील तर ती शिवण ताणाला उसवते. चौकटीच्या किंवा रेघांच्या शर्टात खिशावरची रेघ खालच्या कापडाच्या रेघेशी जुळते का बघा. जुळवायला कापड आणि वेळ दोन्ही लागतात. म्हणून जिथे रेघा जुळलेल्या असतात तिथे बाकीचं कामही सहसा नीट असतं. काजाच्या कडेचे धागे सुटलेले नकोत.

कॉलर चिमटीत धरून चोळा. आतलं बकरम (कॉलर ताठ ठेवणारं कापड) आणि वरचं कापड एकमेकांवरून वेगळं सरकतंय असं वाटलं किंवा बारीक कुरकुर ऐकू आली तर चिकटवणी कच्ची आहे. असा शर्ट काही धुण्यांत कॉलरवर फोड आल्यासारखा फुगतो. बकरम आणि कापड वेगवेगळ्या प्रमाणात आटतात आणि डिंक सुटतो, हे त्याचं कारण. ते इस्त्रीने बसत नाही.

पँटीत आसन सांभाळा

लांबी कमी करता येते, कंबर इंच-दीड इंच आत-बाहेर करता येते, मोहरी निमुळती करता येते. आसन मात्र बदलत नाही. ते तोकडं असेल तर बसताना मागून पँट खाली उतरते आणि पुढे जांघेपाशी आडव्या ताणाच्या रेषा पडतात. ते लांब असेल तर पुढे कापड लोंबतं. म्हणून पँट घालून आधी उकिडवे बसा, मग खुर्चीत बसा आणि मगच आरशात बघा.

बाजूचे खिसे उभं राहिल्यावर कानासारखे उघडत असतील तर सीट घट्ट आहे, कंबर कितीही बरोबर असो. पोट असेल तर एकूणच मोठी पँट घेऊन मांड्यांत ढगळपणा आणू नका. पुढे एकेक प्लीट (शिवलेली चुणी) असलेली घ्या. मागची मधली शिवण उलटून आत किती मार्जिन सोडलंय ते बघा. एक ते दीड इंच असेल तर पुढे वजन वाढल्यावर पँट सैल करता येईल. पाव इंच असेल तर ती वजनाबरोबर बाद होईल.

रोजच्या पँटीला पॉलिएस्टर-व्हिस्कोस 65:35 हे सूटिंगचं नेहमीचं मिश्रण. राजस्थानातलं भिलवाडा यासाठी प्रसिद्ध आहे. याची घडी टिकते आणि अंगावर पडतंही छान. सुती चिनोज उन्हाळ्याला चांगल्या, पण त्या आटतात, म्हणून लांबी कापण्याआधी एकदा धुऊन घ्या. खालची दुमड आत दोन इंच ठेवायला सांगा. बूट घालून उभं राहिल्यावर पँट बुटावर हलकी टेकावी, पुढे एक छोटी मोड पडली तर पुरे.

शिवून घेणार असाल तर

तुमचे खांदे उतरते असतील, एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली असेल, हात लांब असतील किंवा पोट आणि छाती यांचं गणित तयार मापात बसत नसेल, तर शिंप्यासारखा इलाज नाही. मुंबईत मंगलदास मार्केट किंवा दादरचं हिंदमाता, पुण्यात लक्ष्मी रस्ता, अशा ठिकाणी कापड भरपूर मिळतं. इचलकरंजीच्या मागांवरचं सुती शर्टिंग राज्यभरच्या दुकानांत येतं.

कापड घेताना आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. 58 इंची पन्ह्यात पूर्ण बाहीच्या शर्टाला 1.60 मीटर लागतं. 36 इंची पन्ह्यात त्याच शर्टाला सव्वादोन ते अडीच मीटर. पँटीला 58 इंची पन्ह्यात 1.20 ते 1.30 मीटर. उंची सहा फुटांच्या पुढे किंवा कंबर 40 च्या पुढे असेल तर 10-15 सेंटीमीटर जास्त घ्या. मोठी चौकट असेल तर जुळवणीसाठी आणखी 15-20. तागा पूर्ण उलगडून घ्या, घडीच्या रेषेवर रंग विटलेला किंवा धागा तुटलेला नाही ना ते बघा, मग कापू द्या.

घरात लग्नांतल्या आहेराचे शर्टपीस-पँटपीस साठलेले असतात. ते वापरायला हरकत नाही, पण शिंप्याकडे नेण्याआधी मोजा आणि उजेडात धरून बघा. पुष्कळ पीस मीटरच्या हिशेबात तोकडे असतात आणि वर्षानुवर्षं घडी घातलेल्या जागी पिवळे पडलेले असतात. चांगल्या आणि वाईट कापडाची शिलाई सारखीच पडते. मन मारून त्यातलं वाईट कापड शिवून घेण्यात काही अर्थ नाही.

सुती कापड शिवण्याआधी साध्या पाण्यात रात्रभर भिजवा, न पिळता सावलीत वाळवा आणि इस्त्री करून द्या. सूत 3 ते 5 टक्के आटू शकतं. 30 इंच उंचीच्या शर्टात हे एक ते दीड इंच होतं. खादी आणि हातमागाला तर हे न चुकता करा. खादी घ्यायची असेल तर 2 ऑक्टोबरनंतर खादी भांडारांत सवलत सुरू होते, तेव्हा घ्या.

नव्या शिंप्याकडे पहिल्यांदा एकच शर्ट टाका. तो घालून, धुऊन बघा आणि मग उरलेले द्या. जाताना नीट बसणारा शर्ट नमुना म्हणून न्या, पण अंगाचंही माप घ्यायला लावा. माप देताना श्वास रोखू नका, पोट आत ओढू नका, खिशातून मोबाइल आणि पाकीट काढून ठेवा. शर्ट खोचणार की बाहेर सोडणार हे सांगा. खोचायचा असेल तर उंची दोन इंच जास्त हवी. घड्याळाच्या हाताचा कफ अर्धा इंच सैल करायला सांगा. पँटीचे खिसे आजच्या मोबाइलच्या मापाचे, खोल हवेत, आणि खिशाचं आतलं कापड जाड लावायला सांगा, नाहीतर किल्ल्यांनी वर्षात भोक पडतं. पँटीला मार्जिन सोडायला सांगा. कच्ची शिलाई करून ट्रायल देतात का विचारा. देत असतील तर ती फेरी चुकवू नका, कारण चुकलेली पँट त्याच वेळी सुधारता येते. पावतीला तुमच्या कापडाचा तुकडा टाचून घ्या.

दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे आणि लगीनसराई शिंप्यासाठी फार धावपळीची असते. त्या दिवसांत टाकलेलं काम उशिरा मिळतं आणि घाईत शिवलं जातं. रुजू व्हायची तारीख त्या काळात येत असेल तर दोन शर्ट तयार घ्या आणि बाकीचे नंतर शिवा.

बिल आणि परतावा

एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. त्यावर "जीएसटी वेगळा" कुणी लावला तर देऊ नका. 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या कपड्याला 5 टक्के आणि त्यावरच्याला 18 टक्के जीएसटी आहे. हा दर प्रत्येक नगावर लागतो, एकूण बिलावर नाही. तीन शर्टांचं बिल 6000 झालं तरी प्रत्येक शर्ट 2000 चा असेल तर दर 5 टक्केच.

"घेतलेला माल परत नाही" ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. रंग आवडला नाही किंवा माप चुकलं ही सदोषता नव्हे, तिथे दुकानाचा नियम चालतो, म्हणून बदलून मिळेल का हे पैसे देण्याआधी विचारा. बिल जपून ठेवा. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

ऑनलाइन घेताना एस, एम, एल कडे बघू नका. मापाच्या तक्त्यात "कपड्याचं माप" दिलंय की "अंगाचं माप", ते आधी बघा आणि घरी लिहून ठेवलेल्या आकड्यांशी ताडा. पहिला शर्ट बसला तर त्याच ब्रँडचा, त्याच फिटचा दुसरा मागवा.

घरी आणल्यावर

गडद कपडे पहिल्या दोन-तीन वेळा वेगळे आणि थंड पाण्यात धुवा. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होत नाही, तो कारखान्यातच पक्का झालेला असतो किंवा नसतो. कॉलर आणि कफ ब्रशने घासू नका, साबण लावून दहा मिनिटं ठेवा आणि हाताने चोळा. शर्ट उलटा करून, सावलीत, हँगरवर वाळत घाला.

पॉलिएस्टर-व्हिस्कोसच्या पँटीवर गरम इस्त्री थेट ठेवली तर सीट आणि मांडीवर चकाकी येते आणि ती जात नाही. पँट उलटी करून इस्त्री करा. घडी घालायची असेल तेव्हा सुलट बाजूवर ओला सुती रुमाल पसरून वरून दाबा. इस्त्रीवाल्याकडे देत असाल तर त्यालाही हे सांगून ठेवा.